जुन्या फर्निचरला रंग द्यायचाय? चॉक पेंट, ऑइल पेंट की वॉटर बेस इनॅमल

सेकंडहँड ड्रॉवरचं कपाट मिळालंय, लाकूड ठणठणीत आहे, पण ते लालसर चकचकीत पॉलिश आणि नक्षीदार पितळी मुठी बघितल्या की ते फारच जुनाट वाटतं, अशा वेळी रंग देणं हा सगळ्यात सोपा इलाज. आता गोंधळ होतो तो कुठला रंग घ्यायचा यावर. बहुतेक जण फोटो बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी ती वस्तू रोज कशी वापरली जाणार आहे ते बघा, रंग त्यावरून ठरतो.

चॉक पेंटपासून सुरुवात करू कारण सगळ्यात जास्त बोलबाला त्याचाच आहे. अ‍ॅनी स्लोन या इंग्लंडमधल्या बाईंनी 1990 मध्ये हा बाजारात आणला आणि आता बऱ्याच कंपन्या तसले रंग बनवतात. दाट असतो, पटकन वाळतो, वास जवळजवळ नाही, आणि जुन्या पॉलिशवर सुद्धा बऱ्यापैकी धरतो, त्यामुळे पहिल्यांदाच ब्रश हातात घेणाऱ्याला हा रंग खरंच सांभाळून घेतो. पण वाळल्यावर तो पृष्ठभाग सच्छिद्र असतो, म्हणजे वर वॅक्स किंवा वॉर्निश लावलं नाही तर हाताचे डाग, तेल, पाणी सगळं आत शोषलं जातं. वॅक्स दिसतं फार सुंदर, पण गरम कप ठेवला की मऊ पडतं, अधूनमधून पुन्हा लावावं लागतं, आणि उद्या दुसरा रंग द्यायचा झाला तर आधी ते टर्पेंटाइनने पुसून काढावं लागतं कारण वॅक्सवर बाकीचे रंग धरत नाहीत. आणि अजून एक, कडा घासून जुनाट दाखवलेला जो चॉक पेंटचा टिपिकल लूक आहे तो व्हिंटेज आहे, मॉडर्न नाही. मॉडर्न हवं असेल तर चॉक पेंट वाळल्यावर 320-400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गुळगुळीत करून वर मॅट वॉर्निश मारा, वॅक्सच्या नादी लागू नका.

ऑइल पेंट म्हणजे आपला नेहमीचा इनॅमल. हळू वाळतो म्हणूनच ब्रशचे फटकारे आपोआप बसतात, आणि पूर्ण मुरल्यावर कडक होतो. धक्के खाणाऱ्या खुर्च्या-टेबलांना हा वर्षानुवर्षं चालत आलाय ते उगाच नाही. त्रास असा की वास उग्र, ब्रश धुवायला टर्पेंटाइन, दोन हातांमध्ये साधारण एक दिवस थांबायचं, आणि तेवढ्या वेळात बसलेली धूळ दिसते ती दिसतेच. पांढरा घेणार असाल तर नीट विचार करा, ऑइल बेस पांढरा कालांतराने पिवळा पडतो आणि अंधारात जास्त पडतो, म्हणजे कपाटाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा आधी पिवळी दिसायला लागते.

मग उरतो वॉटर बेस इनॅमल (काही डब्यांवर अ‍ॅक्रिलिक इनॅमल असंही लिहिलेलं असतं) आणि बहुतेक लोकांनी हाच घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पांढरा पांढराच राहतो, ब्रश पाण्याने धुता येतो, काही तासांत दुसरा हात मारता येतो. फक्त वाळणं आणि मुरणं यातला फरक लक्षात ठेवा. हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात, तोवर ड्रॉवर घट्ट दाबून बंद ठेवला तर रंगाला रंग चिकटतो आणि ओढून उघडताना कडेचं सालपट निघतं. सुरुवातीला ड्रॉवर थोडे उघडे ठेवा, वर जड वस्तू ठेवू नका. भिंतीचा उरलेला इमल्शन मात्र शेल्फला लावू नका, तो फर्निचरसाठी मऊच राहतो, पुस्तकं चिकटतात त्याला.

स्प्रे कॅन लोखंडी पाय, वेताच्या खुर्च्या, जाळीकाम असल्यांना उत्तम, जिथे ब्रश पोचत नाही. साधारण 25-30 सेंमीवरून पातळ पातळ हात मारायचे नाहीतर ओघळ येतात. मोठ्या कपाटाला नको.

आता यातला कुठलाही घ्या, पोपडे निघतात ते बहुतेक वेळा खालच्या तयारीमुळे. आधी साबणाच्या पाण्याने किंवा डीग्रीझरने मुठींच्या आजूबाजूची जागा रगडून काढा, हाताचं तेल तिथेच साठलेलं असतं. मग 150 आणि नंतर 220 नंबरने घासायचं, सगळं पॉलिश काढायची गरज नाही, चमक गेली की पुरे. सनमायका असेल तर घासणं आणि वर गुळगुळीत पृष्ठभागांसाठीचा बाँडिंग प्रायमर (रंगाच्या आधी मारायचा, रंग धरून ठेवणारा थर) दोन्ही हवंच, 'घासायची गरज नाही' असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी. सागवान, महोगनी, शिसव अशा गडद लाकडावर फिका रंग देताना अजून एक भानगड होते, दोन हात झाल्यावर पिवळे-तपकिरी डाग वर येतात आणि कितीही हात मारले तरी ते परत येतच राहतात. लाकडातलं टॅनिन पाण्यात विरघळून वर येतं म्हणून हे होतं, त्यावर उपाय म्हणजे आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर. आणि वस्तूवर आधीच फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं (अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती 1978 मध्ये), असा रंग कोरडा घासू नका, आधी टेस्ट करा, लहान मुलं असलेल्या घरात तर नक्कीच.

चमक कुठली? ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा दिसतो, मॅटवर बोटांचे ठसे राहतात, सॅटिन दोन्हीच्या मधलं आहे आणि ड्रॉवर, दारं यांना तेच शोभतं.

मग ठरवायचं कसं तर शोभेचं साइड टेबल, आरशाची फ्रेम, अधूनमधून रंग बदलायची हौस, तिथे चॉक पेंट. रोज उघडझाप होणारे ड्रॉवर, पुस्तकांची कपाटं, मुलांची खोली, तिथे वॉटर बेस इनॅमल. जेवणाच्या टेबलाच्या वरच्या फळीला रंग न देता पॉलिशच ठेवा आणि फक्त पाय रंगवा, दिसायला जास्त मॉडर्न दिसतं आणि गरम भांड्यांची चिंता कमी. खुर्च्यांना गडद रंग हवा असेल आणि वासाची अडचण नसेल तर ऑइल पेंट बिनधास्त घ्या. रंग देण्याआधी मुठींच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून ठेवा, नवीन मुठी बहुतेक 96 किंवा 128 मिमीच्या मिळतात, जुन्या भोकांशी जुळलं नाही तर जुनी भोकं लांबीने (पुट्टीने) भरून, घासून, नवीन भोकं पाडायची आणि हे सगळं प्रायमरच्या आधी.