‘नव्या’ रिंगमधली गोगलगाय आणि माझे 14,990 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे काय हसायचं ते एकदाच हसून घ्या. घरातल्या माशांच्या टाकीच्या मेंटेनन्सचं वर्षाचं पॅकेज 6,000, फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग तीन वेळा 1,450 प्रमाणे 4,350, कार्बन तीन वेळचा मिळून 840, बॅक्टेरियाच्या दोन बाटल्या 900 आणि मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे 2,900. बेरीज करून बघा. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अठरा वर्षं लेथ चालवतोय. सुताचा फरक नजरेनं ओळखतो. आणि मला गंडवलं ते विशीतल्या पोरानं, एका बादलीत.

टाकी तीन फुटी, पाणी साधारण दीडशे लिटर, त्यात सहा ओरांडा, म्हणजे गोल्डफिशचाच एक प्रकार. पोराच्या हट्टापायी आणलेली. जूनमध्ये दुकानदार घरी येऊन फिल्टर उघडून म्हणाला, “दादा, मीडिया मेलाय तुमचा. दर महिन्याला पूर्ण बदलायला लागतोय. जर्मन रिंग टाकतो, टेन्शन घेऊ नका.” मीडिया (म्हणजे फिल्टरमधल्या रिंग, स्पंज वगैरे) मेलाय म्हणजे काय, हे विचारायला मला लाज वाटली. तिथंच पैसे निम्मे गेले.

दर महिन्याला त्याचा पोरगा यायचा, जुन्या रिंग पोत्यात भरायचा, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा, ‘नव्या’ रिंग ओतायचा आणि जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंडं उघडतायत, मग एखादा उलटा. दुकानात गेलो की उत्तर तयार: “पावसाळा हाय, पंचगंगेचं पाणी गढूळ झालंय, मासं टिकत न्हाईत.” आता कोल्हापुरात राहून जुलैच्या गढूळ पाण्यावर विश्वास कोण ठेवणार नाही? मी ठेवला. नवे मासे त्याच्याकडूनच घेतले, हेही सांगायला हवं.

आता ती गोगलगाय. ऑगस्टची सर्व्हिस. पोरगा पुढच्या घरी गेलेला, बायको सांडलेलं पाणी पुसत होती. खाली पडलेली एक रिंग तिनं उचलली. “अहो, हे बघा, नव्या रिंगेत गोगलगाय कशी?” भोकात वाळून चिकटलेली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. आमच्या टाकीत आयुष्यात गोगलगाय नव्हती. पाकिटाकडे बघितलं तर साधी प्लास्टिकची पिशवी, वर स्टेपलरची पिन, ना छापील नाव ना किंमत. आणि मी काय म्हणालो? “कारखान्यातनं आली असेल.” जर्मनीतल्या कारखान्यातनं, गोगलगाय! त्या वाक्यासाठी ती आजही मला सोडत नाही.

सप्टेंबरात इचलकरंजीचा एक मित्र घरी आला. टाकी बघून पहिला प्रश्न: “अमोनिया मोजलास का?” त्याच्या किटमध्ये रंग गडद हिरवा झाला. अमोनिया शून्य हवा. मग त्यानं समजावलं ते ऐकून मला बसायला खुर्ची लागली. माशांच्या विष्ठेतला अमोनिया रिंगांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे जातात. दुकानाचा पोरगा ती दर महिन्याला पोत्यात भरून न्यायचा, जी काही स्पंजात उरायची ती नळाच्या क्लोरीनखाली मारायचा. जुन्या रिंग धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या गिऱ्हाइकाला ‘जर्मन’. तुमच्या रिंग माझ्याकडे, माझ्या तुमच्याकडे. मासे मरणार, मासे विकले जाणार.

सिरॅमिक रिंग वर्षानुवर्षं चालते. तुकडे पडायला लागले तरच बदला, तीही थोडी थोडी. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात खळबळायची, बस. बदलायचा असतो तो कार्बन, तो काही आठवड्यांत भरून जातो. पण तो रंग, वास, औषध धरतो, अमोनिया नाही. मला मात्र अमोनियासाठीच कार्बन विकला होता.

पोलीस ठाण्यात गेलो. “मासं मेलं म्हणून तक्रार?” म्हणत हवालदार शेजारच्याला हाक मारून हसले. दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक हेल्पलाइनला जा. हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग तक्रार नोंदवली, तीन आठवड्यांनी मेसेज: ‘निकाली काढली.’ काय निकाली? परवाना बघणाऱ्या कार्यालयात गेलो तर म्हणे आम्ही फक्त नोंदणी बघतो. दुकानात रोज पोती भरून चोरीचा माल येतोय, तो कोण बघणार? तिथल्या टेबलामागच्या साहेबांनी वर सल्ला दिला, “मासे पाळायचेच कशाला?” या माणसाचा पगार आपण भरतो. दुसरी फेरी, तिसरी फेरी, अर्ध्या दिवसाचा धंदा प्रत्येक वेळी बुडाला, तो 14,990 मध्ये धरलेलाच नाही.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, हे एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं. पण पावती? 6,000 ची कच्ची पावती, त्यावर ‘टँक सर्व्हिस’. बाकी सगळं रोख. तेव्हा छापील बिल घ्या, बिलावर मीडियाचं नाव आणि वजन लिहून घ्या. चार-पाच रिंगांना रंगीत नायलॉनचा दोरा बांधून ठेवा, कुठं जातात ते कळेल. आणि कुणी ‘पूर्ण मीडिया बदला’ म्हणालं तर त्याला दारातूनच चहा न देता परत पाठवा.

दोन ओरांडा उरलेत. परवा फोन आला: “दादा, या महिन्याची सर्व्हिस राहिलीय.”

गोगलगाय बायकोनं काडेपेटीत जपून ठेवली आहे. पुरावा म्हणून चालते का, कुणाला माहीत असेल तर सांगा.