एअर पिस्तूल दुरुस्तीला दिलं आणि सिलिंडरच बदलून आला

माझी मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. ज्यांच्या घरात हा खेळ आहे त्यांना माहीत आहे, परदेशी पिस्तूल घ्यायचं म्हणजे लाखाच्या वर खर्च, आणि ते बिघडलं की जावं कुठे हा मोठा प्रश्न. मग कुणीतरी कुणाचा तरी नंबर देतं. आम्हालाही असाच मिळाला. तो माणूस अजून कामं घेतोय, म्हणून हे लिहितेय.

तक्रार अशी होती की ग्रुप, म्हणजे कागदावर पडणाऱ्या गोळ्यांचा पुंजका, उभा पसरायला लागला. डावी-उजवीकडे फारसं काही नाही, पण वर-खाली शॉट थेट नऊ-आठवर. दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं, त्यामुळे थोडासा फरकही लगेच स्कोअरमध्ये दिसतो. स्पर्धा तोंडावर आलेली, मुलगी रडवेली. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं, ५७५ गुण करूनही तिची फायनल दोन गुणांनी हुकली. हे प्रत्येक पिस्तूल शूटरच्या डोक्यात असतंच, आणि त्या भीतीवरच या लोकांचा धंदा चालतो.

त्या माणसाने पिस्तूल हातात घेतलं, कानाजवळ धरून नुसता ट्रिगर दाबला आणि म्हणाला, "ताई, रेग्युलेटर गेलाय. जर्मनीहून किट मागवावं लागेल." रेग्युलेटर म्हणजे प्रत्येक शॉटला सारख्या दाबाने हवा देणारा भाग. कागदावर एक गोळी मारून बघितली नाही. १८,००० रुपये आगाऊ घेतले, जीएसटीचं बिल "पाठवतो" म्हणाला. पिस्तूल परत आलं ते तेल लावून चकचकीत पुसलेलं. जुना पार्ट मागितला तर "कंपनीला परत पाठवावा लागतो" असं उत्तर. ग्रुप मात्र होता तसाच उभा.

खरा प्रकार स्पर्धेच्या उपकरण तपासणीत उघडा पडला. टेबलावरच्या सरांनी पिस्तुलाला जोडलेला हवेचा सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख माझ्यासमोर धरली. हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं असते, आणि हा ती उलटून गेलेला होता. आमच्या खरेदीच्या कागदावरचा नंबर वेगळा. आमचा चांगला सिलिंडर काढून घेऊन त्याने कुणाचा तरी बाद झालेला लावून दिला होता. त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात, आणि ती वस्तू माझी पोर रोज हातात धरत होती. पैशांचं दुःख एकवेळ गिळता येईल, या गोष्टीचा संताप अजून जात नाही.

नंतर दुसऱ्या रेंजवरच्या एका जाणत्या प्रशिक्षकांनी आमच्यासमोर तपासलं. आधी पिस्तूल व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंजात) घट्ट बांधून, नेहमीच्याच पेलेटने (छर्ऱ्याने), कुठेही नेम न धरता मारलं. सगळ्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकात. म्हणजे बॅरल, पेलेट, रेग्युलेटर सगळं ठीक. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेगही सारखा येत होता. रेग्युलेटर गेला असता तर वेग शॉटगणिक बदलला असता. मग एका अनुभवी मुलाला हातात धरून मारायला लावलं, तर त्याचाही ग्रुप उभाच. म्हणजे दोष मुलीच्या हाताचा नाही. उरली साइट, म्हणजे नेम धरायची खूण. त्यांनी मागच्या साइटची पट्टी नखाने हळूच वर ढकलली आणि ती हलली. पुढची-मागची साइट यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर, त्यामुळे तिथली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई दहा मीटरवर जवळपास १५ मिलिमीटर होते. इतका साधा बिघाड! रेग्युलेटर तर उघडलेलाही नव्हता, स्क्रूवरचा कारखान्याचा रंग जसाच्या तसा होता.

आता तो फोन उचलत नाही. युपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. सिलिंडर नवा घ्यावा लागला.

पिस्तूल कुणाच्याही हाती देण्याआधी पिस्तूल आणि सिलिंडर दोन्हींचे नंबर आणि तारखेचा फोटो काढा, त्याच माणसाला मेसेजवर पाठवा आणि "मिळालं" असं उत्तर घ्या. व्हाइसमध्ये बांधून मारलेला कागद दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागा. काढलेला पार्ट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. आणि अलीकडे कुणाकडून पिस्तूल दुरुस्त करून आणलं असेल, तर पुढची हवा भरण्याआधी सिलिंडरवरची तारीख वाचा.