इकोला एलटी टायर : आठ महिने वापरल्यावर

माझी इको, म्हणजे मारुतीची व्हॅन, मधपेट्या वाहते. कोल्हापूरहून मुदाळ तिट्टा, गारगोटी करत पाटगावपर्यंत डांबर आहे, तिथं कुठलाही टायर चालतो. कसोटी लागते ती पुढच्या तीन किलोमीटरला. लाल मातीची वाट आणि मधेच वर आलेले जांभ्याचे दगड. त्यात सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या रात्रीच, माश्या घरी परतल्यावर.

गेल्या पावसाळ्यात तिथंच मागचा डावा टायर गेला. साधं पंक्चर नव्हतं. जांभ्याच्या धारेनं साइड कापली होती, आत बोट जात होतं. साइडला पॅच चालत नाही, त्यामुळं टायर भंगारात. घेऊन जेमतेम सात महिने झालेले. घरी येऊन टायरवरचे चार आकडे बघितले तर 1121. म्हणजे 2021 च्या अकराव्या आठवड्यातला माल, मला 2024 संपताना नवा म्हणून दिलेला. त्या दुकानाचं नाव घेत नाही. आकडे न बघता पैसे मोजणारा मीच.

या वेळी शाहूपुरीतल्या एका गल्लीत गेलो. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढंच दुकान. मी ऐटीत म्हटलं, मोठ्या बटणाचा, म्हणजे जाड उठावदार नक्षीचा टायर दाखवा. मालकांनी टायर न दाखवता विचारलं, "गाडी कुठं फिरवतासा? भरून का रिकामी?" सगळं ऐकून म्हणाले, "डोंगरात तीन किलोमीटर, बाकी सगळं डांबर. बटण घेतलासा तर घूं घूं ऐकून डोकं उठंल. आणि तुमचा टायर तळानं गेलेला न्हाई, कुशीतनं फाटलाय."

त्यांनी सुचवला 155 आर 13 एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा टायर, तोही 8 प्लायचा, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या मजबूत बांधणीचा. माझा आधीचा 155/65 आर 13. रुंदी तीच, 155 मिलिमीटर. पण जुन्याची उंची रुंदीच्या 65 टक्के, आणि नव्यावर तो आकडाच नाही, म्हणजे साधारण 80 टक्के धरायची. टायर साडेचार सेंटिमीटर उंच झाला, गाडीचं पोट दोनेक सेंटिमीटर वर गेलं.

पैसे घेण्याआधी त्यांनी पुढं एकच टायर चढवला. त्याच्या कडेला खडू फासला, पोरांना गाडीत बसवलं, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवलं आणि मडगार्डच्या आत बॅटरी मारली. पांढरं कुठंच लागलं नव्हतं. मग बाकीचे तीन. एकेक चार हजारांच्या आत पडला, आणि चारही टायरवरचे तारखेचे आकडे त्यांनी स्वतःहून दाखवले.

आठ महिन्यांत साइडला ओरखडे आलेत, काप एकही नाही. भरल्या गाडीला टायर झकास. रिकाम्या गाडीत मात्र पाठ दगडन् दगड मोजून घेते, एवढा कडक. रिकाम्या पेट्या मागं अशा नाचतात की आता त्या दोरीनं आवळतो. टायर उंच झाल्यानं काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 65 ला असते, आणि चढाला पहिला गिअर आधीपेक्षा दमतो. ओल्या लाल मातीत तर जादू वगैरे काही नाही. इकोची ओढ मागच्या चाकांना, आणि रिकामी असली की मागं वजनच नाही, म्हणून चाकं जागेवर फिरतात. ऑगस्टमध्ये एकदा तासभर तशीच रुतली. आता जाताना पाण्याचे दोन भरलेले कॅन बरोबर मागच्या चाकांवर येतील असे ठेवतो, तेवढ्यानं निघते.

मालकांनी पाचवा टायर घ्या म्हणून तेव्हाच सांगितलं होतं. पैसे वाचवायला मी स्टेपनी जुनीच ठेवली. दिवाळीत मागं खिळा लागला, ती बुटकी स्टेपनी चढवली आणि गाडी एका बाजूला कलली. मागची दोन चाकं लहानमोठी, दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या डिफरन्शियलवर ताण नको म्हणून गारगोटीपर्यंत तीसच्या वर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत गेलो. मालकांनी गाडीकडं एकदा बघितलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "त्यो बाजूला ठेवलेला पाचवा आण रं."