पूर्ण रजा की हलकी ड्युटी?

अपघातातले मृतदेह, जळालेली घरं, गोळीबार पाहिलेल्या पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिका कर्मचाऱ्याला सावरायला वेळ द्यायचा, तर दोन वाटा असतात.

झोप उडाली असेल, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, दारू वाढली असेल, तर पूर्ण रजाच हवी. आत्महत्येचे विचार असतील तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावं आणि शस्त्र जमा करून घ्यावं. ते शिक्षा म्हणून नाही, जीव वाचावा म्हणून, हे त्याला तोंडावर सांगावं. आघातोत्तर ताणविकाराचं (PTSD, भयंकर प्रसंगानंतर मनावर टिकून राहणारा आजार) निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच होतं आणि आघातकेंद्री उपचाराची, म्हणजे त्या प्रसंगाच्या आठवणींवरच काम करणाऱ्या मानसोपचाराची, साधारण 8 ते 12 सत्रं लागतात. आठवडाभराची सुट्टी म्हणूनच अपुरी पडते. रजेत धोका एकटेपणाचा. ज्यांना न सांगता कळतं ते सहकारीच तुटतात. त्याच्या विश्वासातल्या एकाने, त्याची हरकत नसेल तर, आठवड्यातून एकदा फोन करावा आणि कामाचा विषय काढू नये.

लक्षणं सौम्य असतील, घरी बसून जास्त घुसमट होत असेल, तर हलकी ड्युटी बरी. पगार आणि दिनक्रम टिकतो. पण हलकी म्हणून नियंत्रण कक्षात बसवणं ही नेहमीची चूक. तिथे हेडफोनमधून किंकाळ्या थेट कानात येतात आणि पुढे काय झालं ते कळतही नाही. भांडार, प्रशिक्षण, वाहन देखभाल ही कामं द्यावीत. रात्रपाळी बंद. उपचाराची वेळ ड्युटीतच धरावी.

रजेच्या अर्जावर निदान लिहायला लावू नये. ‘वैद्यकीय कारण’ एवढं पुरे.