ओटा, माळा आणि २५६ जीबी: महागड्या टॅब्लेटमधील साठवणीचा हिशेब

मार्च २०२५ मध्ये बाजारात आलेला, एम-३ चिप असलेला ११ इंची आयपॅड एअर मी २५६ जीबी साठवण क्षमतेसह घेतला, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. त्याच्या पडद्याविषयी, बॅटरीविषयी आणि पेन्सिलविषयी मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात मला फारशी भर घालायची नाही. मला लिहायचे आहे ते खोक्यावर छापलेल्या जीबीच्या आकड्याविषयी, कारण एकाच टॅब्लेटची किंमत जवळजवळ दुप्पट होते ती या आकड्यामुळे, आणि दुकानात उभे असताना सर्वांत कमी विचार होतो तोही याच आकड्याचा.

मी एका हौशी नाट्यसंस्थेसाठी प्रयोगांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. माझा आधीचा टॅब्लेट ६४ जीबीचा होता. घेताना काही हजार रुपये वाचवले याचे समाधान वाटले होते. पुढे माटुंग्यातील एका प्रयोगाला तोच टॅब्लेट दुसरा कॅमेरा म्हणून प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला उभा केला असताना, दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे पडद्यावर जागा संपल्याची सूचना आली आणि चित्रीकरण थांबले. समोर नाटक चालू होते आणि मी अंधारात, पडद्याचा उजेड मागच्या रांगेला त्रास देऊ नये म्हणून वर ओढणी धरून, जुने फोटो पुसत होतो. फोटो पुसले, तरी जागा मात्र मोकळी होईना. पुसलेले फोटो तीस दिवस ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यात पडून राहतात आणि तो कप्पा वेगळा रिकामा करावा लागतो, हे त्या गडबडीत सुचेपर्यंत शेवटचे स्वगत संपले होते. ते स्वगत आमच्याकडे आज एकाच कॅमेऱ्यातून, बाजूने टिपलेले आहे आणि त्यात नटीचा चेहरा अर्धाच दिसतो.

म्हणून नवा टॅब्लेट घेताना मी आधी गरज मोजली आणि मग किंमत पाहिली. ४के चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटी या वेगाने आणि एचईव्हीसी या दाबलेल्या स्वरूपात केले, तर एका मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात. दोन तासांच्या दोन अंकी नाटकाला म्हणजे साधारण २० जीबी, आणि दोन कॅमेरे असल्यास ४० जीबी. त्यात संकलन करताना तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइल आणि शेवटची तयार प्रत धरली, तर एका प्रयोगाला ७० ते ८० जीबी मोकळी जागा हाताशी हवी. दोन प्रयोगांचे काम एकाच वेळी चालू असेल, तर १५० जीबी. फुल एचडीवर भागत असेल तर हाच खर्च मिनिटाला सुमारे ६० एमबीवर येतो आणि सगळे गणित तिपटीने सैल होते. उलट आयपॅड प्रोवर प्रोरेस या व्यावसायिक स्वरूपात ४के चित्रीकरण करायचे ठरवले, तर एका मिनिटाला सुमारे ६ जीबी लागतात. याच कारणामुळे २०२२ च्या आयपॅड प्रोमध्ये १२८ जीबीच्या प्रतीला प्रोरेस चित्रीकरण फुल एचडीपुरतेच ठेवले होते.

खोक्यावरचा आकडा सगळाच्या सगळा आपल्या हाती येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. कंपन्या जीबी दशमान पद्धतीने मोजतात, त्यामुळे १०२४ च्या पटीत मोजल्यास २५६ चे २३८ होतात. त्यातून यंत्रणेची स्वतःची जागा जाते आणि ‘सिस्टीम डेटा’ नावाचा एक भाग कमीजास्त होत राहतो. ॲपल इंटेलिजन्स ही कंपनीची एआय सोय चालू ठेवली तर त्यासाठी ७ जीबी मोकळी लागते. माझ्या २५६ मध्ये नेहमीची ॲप्स, देवनागरी फाँट आणि संहितांच्या पीडीएफ ठेवून झाल्यावर कामासाठी दीडशे-पावणेदोनशे जीबी उरतात. वरच्या हिशेबाशी हे जेमतेम जुळते. १२८ च्या प्रतीत ते जुळलेच नसते.

आता किमती. एअरची ११ इंची, फक्त वाय-फाय प्रत १२८ जीबीला ५९,९०० रुपये, २५६ ला ६९,९००, ५१२ ला ८९,९०० आणि १ टीबीला १,०९,९०० रुपये अशी बाजारात आली. पहिली पायरी दहा हजारांची, पुढच्या दोन प्रत्येकी वीस हजारांच्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर जादा जागेचा भाव प्रत्येक जीबीमागे सुमारे ७८ रुपये पडतो आणि शेवटच्या पायरीवर तो ४० च्या आसपास उतरतो. मी बॅकअपसाठी १ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे केबलने बाहेरून जोडायची डिस्क, घेतली ती साडेसात हजारांना, म्हणजे जीबीमागे साडेसात रुपयांना. साठवणीचे चिप एकाच जातीचे असतात असे मी म्हणणार नाही, कारण टॅब्लेटच्या आतली साठवण वेगवान असते आणि ती मुख्य पटावर झाळलेली असते, पण दहापटीच्या फरकाला हे कारण पुरत नाही. ती झाळलेली असणे हेच किमतीमागचे खरे बळ आहे. लॅपटॉपमध्ये पुढे मोठी डिस्क बसवून घेता येईल असे कधीतरी म्हणता येते. येथे तसे नाही. घेताना जे घेतले ते शेवटपर्यंत तेवढेच राहते आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते.

भारतात आपल्याला लुबाडतात, अशी एक समजूत मी अनेकदा ऐकतो. निदान या पायऱ्यांच्या बाबतीत ती टिकत नाही. अमेरिकेत एअरची १२८ ची प्रत ५९९ डॉलरला आणि २५६ ची ६९९ डॉलरला बाजारात आली. तिथली किंमत कर न धरता सांगितली जाते, तर आपली १८ टक्के जीएसटी धरून. डॉलर ८५ रुपयांचा धरून त्यावर १८ टक्के चढवले की १०० रुपये ३० पैसे होतात. म्हणजे शंभर डॉलरच्या पायरीचे इथे दहा हजार झाले यात वेगळी मुंबईकर आकारणी काही नाही. पायरीच मुळात महाग आहे आणि ती तिथेही तेवढीच महाग आहे. ज्यांचा व्यवसाय जीएसटीखाली नोंदलेला आहे त्यांनी मात्र बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा, कारण ६९,९०० मधले जवळजवळ १०,६६० रुपये कराचेच आहेत.

आयपॅड प्रोचा विचार मी दोन आठवडे केला. एम-४ चिपचा ११ इंची प्रो २०२४ मध्ये ९९,९०० पासून सुरू झाला तो थेट २५६ जीबीवर. ५१२ ला १,१९,९००, १ टीबीला १,५९,९०० आणि २ टीबीला १,९९,९००. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम-५ चा प्रो आला, तेव्हाही सुरुवातीची किंमत ९९,९०० च राहिली. प्रोमध्ये ५१२ वरून १ टीबीवर जाताना जे चाळीस हजार मोजायचे, ते केवळ जागेचे नसतात. एम-४ च्या प्रोमध्ये २५६ आणि ५१२ च्या प्रतींना ८ जीबी रॅम (चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती, ही साठवणीहून वेगळी) आणि नऊ गाभ्यांचा (कोरचा) प्रोसेसर आहे, तर १ आणि २ टीबीच्या प्रतींना १६ जीबी रॅम आणि दहा गाभे. एम-५ मध्ये खालच्या दोघींची रॅम १२ जीबी झाली, वरच्यांची १६ च राहिली. पडद्यावरची चमक कमी करणारी नॅनो-टेक्स्चर काचही फक्त वरच्या दोन प्रतींनाच घेता येते, तीही वेगळे पैसे मोजून. ही बांधणी मला मनापासून खटकते. एखाद्या चित्रकाराला जास्त रॅम हवी असते, कारण त्याला अनेक थरांचे मोठे चित्र उघडायचे असते. त्याच्या फाइल ५१२ मध्ये सुखाने मावतात, पण रॅमसाठी त्याला १ टीबी विकत घ्यावीच लागते. साठवणीच्या नावाखाली रॅम विकणे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवे, आणि मी पाहिलेल्या दुकानांत ते कोणीही आपणहून सांगितले नाही.

सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस मालिकेत मायक्रोएसडी कार्डाची जागा असते आणि साठवणीच्या बाबतीत तो तिचा मोठा गुण आहे. टॅब एस-९ ला १ टीबीपर्यंतचे, तर एस-१० अल्ट्राला १.५ टीबीपर्यंतचे कार्ड चालते. चित्रपट, पुस्तके, वर्गाच्या नोंदी, गाण्यांचे संग्रह यांसाठी कार्ड उत्तम. पण दोन कॅमेऱ्यांचे ४के संकलन थेट कार्डावरून करू पाहिल्यास ते रखडू शकते, कारण कार्ड आतल्या साठवणीपेक्षा बरेच मंद असते; यूएचएस-१ या प्रकारच्या कार्डाचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला १०४ एमबी आहे. माझ्या एका सहकाऱ्याने हा मार्ग स्वीकारला आहे आणि तो समाधानी आहे. त्याचे काम मात्र ध्वनिसंकलनाचे आहे, आणि तिथे तो वेग पुरून उरतो.

मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला साठवणीचे खरे तत्त्व वेगळे शिकावे लागत नाही. रोजची कढई ओट्यावर असते आणि दिवाळीचा सोऱ्या माळ्यावर. टॅब्लेटच्या आतली जागा म्हणजे ओटा आहे, तिथे चालू काम राहील इतकीच घ्यावी. झालेले प्रयोग माळ्यावर जावेत, आणि माळा स्वस्त असावा. माझा माळा ती १ टीबीची एसएसडी आहे. एअरचा यूएसबी-सी पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत चालतो, प्रोचा ४० पर्यंत. साध्या, ३४,९०० पासून मिळणाऱ्या ए-१६ चिपच्या आयपॅडचा पोर्ट मात्र ४८० मेगाबिटचाच आहे. म्हणजे २० जीबीचा एक प्रयोग त्यावरून हलवायला सर्व काही आदर्श असले तरी साडेपाच मिनिटे, प्रत्यक्षात त्याहून जास्त. स्वस्त टॅब्लेट घेऊन बाहेरच्या डिस्कवर भागवू, असे ठरवणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

एसएसडीवर ठेवलेल्या फाइल तिथेच ठेवून संकलन करता येते का, तर येते. लुमाफ्युजन या संकलनाच्या ॲपमध्ये ती सोय आहे आणि फायनल कट प्रोच्या आयपॅड आवृत्तीतही २०२४ पासून आहे. घरच्या टेबलावर मी हे निर्धोकपणे करतो. लोकलमध्ये करू नये, हे मला एका संध्याकाळी कळले. डोंबिवलीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती, टॅब्लेट मांडीवर आणि डिस्क बॅगेच्या बाहेरच्या खिशात होती. घाटकोपरला लोंढा आत आला, कोणाचे तरी कोपर केबलला लागले आणि डिस्क सुटली. डिस्क शाबूत राहिली, पण त्या क्षणी उतरत असलेली फाइल बिघडली आणि ती पुन्हा कॅमेऱ्याच्या कार्डावरून घ्यावी लागली. कार्ड मी पुसले नव्हते म्हणून निभावले. प्रवासात काम करणाऱ्याने आतल्या जागेसाठी दहा हजार जास्त द्यावेत असे मी म्हणतो, ते या अनुभवावरून.

क्लाउडबद्दल थोडक्यात. आयक्लाउडची २०० जीबीची योजना महिना २१९ रुपयांना आणि २ टीबीची ७४९ ला आहे. २०० जीबीचे चार वर्षांचे १०,५१२ रुपये होतात, म्हणजे १२८ वरून २५६ वर जाण्याच्या खर्चाएवढेच. फोटो आणि कागदपत्रांसाठी मी ती योजना ठेवली आहे, कारण टॅब्लेट हरवला तरी ते राहतात. चित्रीकरणासाठी तिचा उपयोग नाही. २० जीबीची फाइल प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला दाखवायची असेल, तर ती हातातच असावी लागते.

खरेदीचा अनुभव संमिश्र होता. दादरमधील दोन दुकानांत केवळ १२८ ची प्रत शिल्लक होती आणि दोन्हीकडे मला तीच घेण्याचा आग्रह झाला. “सर, क्लाउड आहे ना, २५६ कशाला?” असे एकाने विचारले. त्याच दुकानात शेजारच्या ग्राहकाला ५१२ ची प्रत ‘महिन्याला थोडेच जास्त’ म्हणून हप्त्यांवर दाखवली जात होती. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांवरही बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी लागू शकतो, त्याची चौकशी त्या ग्राहकाने केली नाही आणि विक्रेत्यानेही सांगितले नाही. २५६ ची प्रत मला शेवटी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानात मिळाली. तिथे मी वीस मिनिटे निरनिराळ्या प्रती हाताळल्या, कोणीही घाई केली नाही.

संस्थेतल्या वेशभूषाकार ताईंनी परवा मला विचारले की त्यांनी कोणती प्रत घ्यावी. त्या कापडांचे नमुने आणि रेखाटने ठेवतात, चित्रीकरण करत नाहीत. त्यांना मी १२८ चा एअर घ्यायला सांगितले आणि वाचलेल्या दहा हजारांत पेन्सिल. आमच्या प्रकाशयोजनाकाराने ५१२ घ्यायचे ठरवले होते, त्याला मी त्याच्या सध्याच्या टॅब्लेटची सेटिंग्ज उघडून साठवणीचे पान दाखवायला सांगितले. तीन वर्षांत त्याने ९१ जीबी भरले होते, आणि त्यातले ३८ केवळ संदेशांतून आलेले व्हिडिओ होते.