क्ष मानावा की गुणोत्तर धरावं?

अंतर, वेग आणि वेळेची शाब्दिक उदाहरणं सोडवण्याच्या दोन वाटा बहुतेकांना माहीत असतात. कुठली धरायची हे ठरत नसेल, तर एकच गणित दोन्हींनी करून बघा.

‘ताशी ४० किमी वेगानं गेलं तर १० मिनिटं उशीर होतो, ताशी ६० किमीनं गेलं तर ५ मिनिटं आधी पोहोचतो. अंतर किती?’

समीकरणानं: अंतर क्ष किमी मानू. दोन वेळांतला फरक १५ मिनिटं, म्हणजे पाव तास. क्ष/४० − क्ष/६० = १/४. लसावि १२०, म्हणून क्ष/१२० = १/४ आणि क्ष = ३०. घात होतो तो त्या पाव तासात. १५ तसेच ठेवले की उत्तर १८०० किमी येतं, आणि ते खाली रेघ मारून पुढच्या गणिताकडे वळणारेही असतात.

गुणोत्तरानं: अंतर तेच, वेग २:३, म्हणून वेळ ३:२. फरक एका भागाचा, तो १५ मिनिटांचा. पहिल्या वेगानं ४५ मिनिटं लागली. ४० चे पाऊण, ३०. कागदसुद्धा लागला नाही.

मग समीकरण हवंच कशाला? हे बघा: ‘३०० किमीच्या प्रवासात वेग ताशी १० किमीनं वाढवला तर एक तास वाचतो. मूळ वेग किती?’ अंतर इथंही तेच आहे, पण वेगांचं गुणोत्तरच माहीत नाही. ३००/क्ष − ३००/(क्ष + १०) = १ असं मांडलं की क्ष² + १०क्ष − ३००० = ० हाती येतं. मुळं ५० आणि −६०. ऋण वेग सोडून द्यायचा.

उलट, जाताना ताशी ४० आणि त्याच वाटेनं येताना ६०, तर सरासरी वेग किती, या प्रश्नात गुणोत्तर वाचवतं. घाईत ५० लिहिलं जातं. पण वेळ ३:२ आहे, म्हणजे संथ वेगानं जास्त वेळ गेला: (४० × ३ + ६० × २)/५ = ४८.

माझं मत विचाराल तर नवशिक्यानं समीकरणच धरावं, फक्त एक बदल करून: पहिल्या गणितात अंतराऐवजी वेळ क्ष मानावी. ४०क्ष = ६०(क्ष − १/४). छेदात काही उरत नाही, क्ष = ३/४ तास. पायऱ्यांना गुण असतील तिथंही हीच वाट सोयीची. पर्यायांतून उत्तर निवडायचं असेल आणि घड्याळ पळत असेल, तर गुणोत्तर.

नाव आणि प्रवाहाच्या गणितात मात्र निवडीला फारसा वाव नाही. दोन्ही वेग अज्ञात असतील, तर क्ष + य आणि क्ष − य घेऊन सरळ एकसामयिक समीकरणं मांडायची.