निवडुंगावरचं फूल नऊ महिने टिकलं, तेव्हाच कळायला हवं होतं

जानेवारीत ठाण्यात रस्त्याच्या कडेला एका हातगाडीवरून मी छोटा गोल निवडुंग घेतला. डोक्यावर लालभडक फूल. बिनफुलाचा साठ रुपयांना, फुलाचा अडीचशेला. मी घासाघीस करत होते, तर विक्रेता म्हणाला, "ताई, जिवंत फूल आहे, बघा," आणि त्याने फुलावर पाण्याचा फवारा मारला. मी बाकीच्या कुंड्या चाळेपर्यंत फूल खरंच मिटलं होतं. झालं, अडीचशे काढून दिले.

घरी तोच खेळ रोज. पाणी पडलं की मिटायचं, ऊन लागलं की उघडायचं. आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवायचे. सासूबाई मात्र पहिल्या महिन्यापासून म्हणत होत्या, "अगं, वास नाही, कोमेजणं नाही, कळी कधी दिसली नाही. कसलं हे फूल?" मी हसून सोडून दिलं. खरं तर बहुतेक निवडुंगांचं एक फूल फार तर काही दिवस टिकतं, हे मला माहीत होतं. पण समोर मिटतं-उघडतं दिसत असताना कोण शंका घेतो!

पावसाळ्यात ते जवळजवळ सतत मिटलेलंच राहिलं. ऑक्टोबरमध्ये कुंडी बदलायला घेतली आणि फूल हातात आलं. खाली गोंदाचा पिवळट, कडक गोळा, त्यात अडकलेले चार-पाच काटे. गोळा काढला तर निवडुंगाचं टाळकं तपकिरी आणि खरबरीत. गोल निवडुंगाची वाढ शेंड्याच्या मध्यातून होते, आणि गरम गोंद नेमका तिथेच ओतलेला. वरचे खडेही एकमेकांना चिकटवलेले. पाणी कडेकडेनेच झिरपत असावं.

ते फूल वाळवलेलं 'स्ट्रॉफ्लॉवर' होतं. त्याच्या कागदासारख्या पाकळ्या मेल्यावरही दमट हवेत आत वळतात आणि कोरड्या हवेत उघडतात. पापड सादळतो ना, तसंच काहीसं. म्हणजे मी ज्याला जिवंतपणाचा पुरावा समजत होते, तो मेलेल्या पाकळ्यांचा गुणधर्म होता. विक्रेत्याला हे नक्की ठाऊक होतं, नाहीतर फवारा हाताशी कशाला ठेवला असता?

घेताना फुलाचं बूड बघा. निवडुंगाचं खरं फूल काट्यांच्या बारीक, लोकरीसारख्या गादीतून किंवा तिच्या लगत उगवतं. चिकटवलेलं काट्यांवर टेकलेलं असतं आणि खाली चकाकणारा थेंब दिसतो. गाडीवरच्या सगळ्या कुंड्यांत फुलं एकसारखी आणि कळी एकही नाही, तर पुढे चला. खडे बोटाने हलवून बघा. निळ्या-जांभळ्या, चमकी मारलेल्या हॉवर्थियांची, म्हणजे कुंडीतल्या छोट्या जाड पानांच्या झाडांचीही तीच कथा: रंग फवारलेला असतो, त्याखाली पानाला नीट ऊन मिळत नाही, आणि मधून येणारं नवं पान हिरवं निघतं. नखाने हलकं खरवडलं तरी कळतं.

माझा निवडुंग जगला. टाळक्यावरचा डाग तसाच आहे, पण बुडाशी दोन पिल्लं फुटलीत. फूल मी फेकणार होते, सासूबाईंनी खिडकीत ठेवून घेतलं. पापड गच्चीवर न्यायच्या आधी त्या आता त्याच्याकडे बघतात. मिटलेलं असलं तर डबा उघडत नाहीत.